पोलिओ होऊन गेलेल्यांचं पुढे काय होतं, तेही एकदा छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जागतिक पोलिओ दिनाला, म्हणजे २४ ऑक्टोबरला, तुम्ही अख्खं पान काढलं ते वाचलं. १९९५ पासूनचं पल्स पोलिओ, १३ जानेवारी २०११ ची हावड्याच्या त्या चिमुरडीची शेवटची केस, मग २७ मार्च २०१४ चं पोलिओमुक्तीचं सर्टिफिकेट, सगळं बरोबर दिलंय. खांद्याला थंड डबा अडकवून उन्हात वाड्यावस्त्या फिरलेल्या बायकांचा फोटो टाकलात ते तर फारच छान केलं. मी पान उलटून बघितलं, म्हटलं मागे आमच्याबद्दल असेल काहीतरी. मागे सोयाबीनचे भाव होते.

आमच्याबद्दल म्हणजे ज्यांना पोलिओ होऊन गेला त्यांच्याबद्दल. आम्ही अजून आहोत ना, आणि आमच्यातल्या बऱ्याच जणांना चाळिशी-पन्नाशीनंतर काहीतरी नवीनच सुरू झालंय ज्याचं नाव, पोस्ट पोलिओ सिंड्रोम, त्यांना माहीत नाही. मलाही सहा वर्षं माहीत नव्हतं. म्हणून हे पत्र, आणि ते लांबलंय हे आधीच सांगते.

मी बार्शीची, जन्म १९६८ चा. तेरा महिन्यांची असताना ताप आला, तापात इंजेक्शन दिलं आणि दुसऱ्या दिवशी उजवा पाय लुळा. माझ्या वयाच्या पोलिओवाल्यांना विचारा, कितीतरी जण हीच गोष्ट सांगतील, ताप, सुई, पाय. आई जाईपर्यंत त्या सुईलाच शिव्या देत होती. विषाणू आधीच अंगात होता, पण त्या तापात सुई टोचली की ज्या पायात टोचली त्याचा लकवा वाढू शकतो हेही खरं आहे, म्हणजे आई पूर्ण चूक नव्हती. मग तेलाने मालिश, गरम वाळूचा शेक, कुणी सांगेल तो नवस. १९७६ ला मिरजेला ऑपरेशन झालं, बार्शी लाइट रेल्वेच्या त्या छोट्या गाडीने वडील मला मांडीवर घेऊन गेले होते, येताना पाय प्लास्टरात होता आणि गाडीतल्या प्रत्येक बाईने विचारलं काय झालं पोरीला. नंतर पायाला आधाराचा लोखंडी कॅलिपर, चामड्याचे पट्टे, पाच किलोचा वाटायचा तो बूट. शाळेत पोरं मला लंगडी म्हणायची. खेळात कुणी घेतलं नाही, नाव मात्र खेळाचंच दिलं.

पण मी चालले. १९९२ ला शाळेच्या ऑफिसात क्लार्कची नोकरी लागली त्याच्या आसपास कॅलिपर सोडला, गुडघ्याच्या वर हात दाबून चालायचं जमलं होतं, आईने गल्लीत पेढे वाटले. तो हात अजून तिथेच आहे. माझ्या प्रत्येक सलवारीचं कापड उजव्या मांडीवर वीतभर आधी विरतं, वहिनी आता नवीन ड्रेस शिवतानाच आतून एक ठिगळ लावून ठेवते. तर अशी पंचवीस-सव्वीस वर्षं काढली, पहिल्या मजल्यावरचं ऑफिस, दिवसातून चार वेळा जिना, निवडणुकीची ड्युटी, जनगणना, सगळं केलं. मला वाटायचं पोलिओचं जे काय द्यायचं होतं ते देऊन झालं.

२०१८ च्या सुमाराला दुपारी चार वाजले की हात-पाय गळायला लागले. साधा थकवा नव्हता तो, कसा सांगू, मोबाईलची बॅटरी १५ टक्क्यांवरून एकदम बंद पडते ना तसं. स्टेपलर दाबायला दोन्ही हात लागायला लागले. एसटीची पहिली पायरी, जी मी दांड्याला धरून अंग वर ओढून चढायचे, ती एक दिवस चढताच येईना, मागून कंडक्टरने हात दिला. आणि सगळ्यात भीती वाटली ती वेगळ्याच गोष्टीची, दुखत होता, थरथरत होता तो डावा पाय. माझा चांगला पाय.

डॉक्टर बदलले. एक म्हणाले वय झालं. एक म्हणाले पाळी जायचं वय आहे, होतं असं. बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं झाली, कॅल्शियम झालं, नसांचं म्हणून लाल रंगाचं टॉनिक झालं. एकांनी सांगितलं बाई तुमचं वजन वाढलंय, रोज सकाळी ग्राउंडवर चालायला जा. गेले. साडेतीन महिने रोज सकाळी दोन राउंड, गुडघ्यावर हात दाबून, लोक कौतुक करायचे बघा ताईंची जिद्द. त्या जिद्दीने माझा डावा पाय आणखी खाल्ला. नंतर एका ठिकाणी व्यायामाला पाठवलं तर पायाला दोन किलोची वाळूची पिशवी बांधून दुखलं तरी करा, दुखल्याशिवाय ताकद येत नाही असं सांगितलं, आणि मी आयुष्यभर हेच ऐकत मोठी झालेय त्यामुळे केलं. दोन दिवस उठता यायचं नाही, तिसऱ्या दिवशी परत जायचे.

२०२२ ला बाथरूममधे पडले, उजवं मनगट मोडलं, प्लेट टाकायला भूल दिली. बाकीचे पेशंट दुपारी चहा पीत होते तेव्हा मी झोपलेलीच, दिवेलागणीला जरा डोळे उघडले, भाऊ घाबरून बाहेर फेऱ्या मारत होता. पोलिओ झालाय हे पायाकडे बघून सगळ्यांना दिसत होतं, त्याचा भुलीशी संबंध असू शकतो हे कुणाच्या डोक्यात आलं नाही, आणि मी तरी कशाला सांगते, मनगटाचा आणि पोलिओचा काय संबंध.

शेवटी नाव कळलं ते भाचीकडून. ती बीपीटीएच, म्हणजे फिजिओथेरपी करतेय, सुट्टीत आली होती, मी ओट्याला टेकून कणीक मळताना दर दोन मिनिटाला थांबते ते तिने बघितलं आणि म्हणाली, आत्या, हे कधीपासून? मग तिने दोन दिवस इंग्रजी वाचून काढलं आणि चाळीस पानं प्रिंट मारून आणली. पोस्ट पोलिओ सिंड्रोम. मी मराठीत शोधलं होतं बरं का आधी, फोनमधे बोलून शोधता येतं हल्ली, पोलिओ आणि थकवा असं. सगळीकडे लसीकरणाच्या तारखा.

भाचीने पुण्याला एका पीएमआरच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. पीएमआर म्हणजे पुनर्वसनाचे डॉक्टर, हाडांचे वेगळे, मेंदूचे वेगळे आणि हे वेगळे, मला ५६ व्या वर्षी कळलं असा प्रकार असतो. मुंबईला हाजी अलीजवळ केंद्र सरकारची या विषयाची अख्खी संस्था आहे, १९५५ पासून. त्याच भागात फातिमा इस्माईल यांच्या संस्थेने मुलांचं हॉस्पिटल उभं केलं होतं, स्वतःच्या लेकीला पोलिओ झाल्यावर त्या बाईंनी चाळीसच्या दशकात मुंबईत पोलिओचं क्लिनिक सुरू केलं होतं. म्हणजे आपल्याच राज्यात एवढं झालेलं आहे आणि बार्शीत ते कुणाला माहीत नाही.

डॉक्टरबाईंनी पहिला प्रश्न विचारला, तुम्ही आयुष्यात सगळ्यात चांगलं कधी चालत होता? मला रडूच आलं, कारण आजपर्यंत सगळ्यांनी कधी आजारी पडलात एवढंच विचारलं होतं. मग त्यांनी समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते. पोलिओत पाठीच्या कण्यातल्या ज्या पेशी स्नायूंना हुकूम देतात त्या मरतात. ज्या वाचतात त्या नवे फाटे फोडून बिनवारशी स्नायूंना जोडून घेतात, म्हणून तर आपण परत चालायला लागतो. आपल्याकडे विजेची डीपी असते ना, दहा घरांची, तिच्यावर आजूबाजूच्या जळालेल्या डीप्यांची पण चाळीस घरं टाकली तर? चालते. पंचवीस-तीस वर्षं चालते. मग एक दिवस उन्हाळ्यात दाणकन उडते. आणि माझा चांगला पाय चांगला नव्हताच, त्याच्याही पेशी तेव्हा मेल्या होत्या, फक्त उरलेल्यांनी इतकं सांभाळून घेतलं की बाहेरून कळलं नाही. त्यावर मी आयुष्यभर दोन पायांचं ओझं टाकलं.

पोलिओ परत आलेला नाही. विषाणू अंगात नसतो, घरच्यांना लागत नाही, वहिनीने हा प्रश्न मला न विचारता भाचीला हळूच विचारला होता म्हणून मुद्दाम लिहिते. हा नवा त्रास पोलिओ होऊन गेल्यावर पंधरा वर्षांनी, चाळीस वर्षांनी, केव्हाही सुरू होतो. अमेरिकेच्या सीडीसीचा, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेचा अंदाज असा की पोलिओ झालेल्या १०० जणांपैकी २५ ते ४० जणांना हा त्रास होतो. याची एकच अशी टेस्ट नाही. थायरॉईड, शुगर, बी-ट्वेल्व्ह, डी व्हिटॅमिन, मणक्याची गादी, झोपेत श्वास अडकणं, हे सगळं तपासून बाजूला काढायचं, नसांची तपासणी करायची आणि मग उरतं ते हे. त्यामुळे सगळा दोष पोलिओवर टाकून मोकळं होऊ नका, आमच्यातल्या एकीचा थायरॉईडच निघाला आणि गोळीने ती बरीच सुधारली.

मी क्लार्क माणूस, मला नंबर दिसला की बरं वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० या आजारांच्या यादीत जुन्या पोलिओच्या खुणांना बी ९१ नंबर आहे आणि या नव्या त्रासाला जी १४. दोन वेगळे नंबर! आणि माझ्या अपंगत्वाच्या कागदावर लिहिलंय पीपीआरपी, पोस्ट पोलिओ रेसिड्युअल पॅरालिसिस. रेसिड्युअल म्हणजे शिल्लक. ऑफिसच्या भाषेत शिल्लक पुढे ओढली की तो आकडा बदलत नाही, आणि सगळी गडबड या एका शब्दाने केलीय. मी अपंगत्व तपासणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डापुढे डाव्या पायाचं सांगितलं तर उत्तर आलं, पोलिओ वाढत नसतो बाई, पुढचा. २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार झाले, चांगलं झालं, आम्ही त्यात चलनवलनाच्या खाली येतो, तिथे सांधा किती वाकतो आणि स्नायूत जोर किती हे मोजतात, सकाळी अकराला, तासभर बाकावर बसवून. दुपारी चारला माझ्यात किती जोर असतो ते मोजायला त्यांनी एकदा घरी यावं.

आणि हा काही कालचा शोध नाही. फ्रान्समधे १८७५ ला एका १९ वर्षांच्या पोराची नोंद झालीय, तान्हेपणी पोलिओ, मोठेपणी नव्याने खांदा गळाला. पुढे शंभर वर्षं कुणी फार लक्ष दिलं नाही. अमेरिकेत १९४०-५० च्या मोठ्या साथीतली मुलं १९८० च्या आसपास मध्यमवयीन झाली आणि एकदमच तक्रारी घेऊन आली, शिकलेली होती, बोलणारी होती, त्यांनी डॉक्टरांना ऐकायला लावलं. आता आपला हिशोब करा. आपल्याकडे सत्तर, ऐंशी आणि नव्वदच्या दशकात पोलिओ झालेली पोरं आज साधारण पंचवीस ते पंचावन्नची आहेत. म्हणजे त्यांची वेळ जी १९८० ला आली ती आपली आता आलीय. शेवटची ती हावड्याची मुलगी पण अजून लहान आहे, ती साठीची होईपर्यंत कुणाला तरी हे माहीत असायला लागेल.

इंग्रजी पानांचंही एक सांगते. माहिती चांगली आहे, पण ती त्यांच्या घराची आहे. लिफ्ट वापरा, बॅटरीची गाडी वापरा, शॉवरखाली खुर्ची ठेवा, भांडी मशिनमधे लावा. आमच्याकडे संडास देशी, पाण्याची टाकी गच्चीत, पाणी येणार चार दिवसाआड पहाटे, आणि भाकरी थापायची जमिनीवर बसून, उठताना दोन माणसं. मग आम्हीच आमचं काढलं. डॉक्टरबाईंनी महिनाभर वही लिहायला लावली, कधी काय केलं आणि कधी गळाले. वहीतून दिसलं की माझा सगळा दिवस सकाळी सात ते नऊमधेच संपतो. आता भाजी पलंगावर बसून चिरते, ओट्यापाशी उंच स्टूल, संडासात कमोड बसवला आणि बाजूला दांडा. आणि भाकरीचं तर सोलापूर जिल्ह्यात जन्मल्याचं सार्थक झालं, कडक भाकरीची थप्पी आणून ठेवते, वर शेंगाचटणी, पंधरा दिवस चूल बंद. हे अमेरिकेच्या कुठल्या पानात लिहिणार?

दमायच्या आधी बसायचं, हे ऐकायला सोपं आहे. पण मला लहानपणापासून उलटं शिकवलंय, पाय धड नाही ना मग दुप्पट कर, कुणी बिचारी म्हणता कामा नये. शाळेत मी उभी राहून फाइली लावते आणि समोर रिकामी खुर्ची असते, बसायला लाज वाटते अजून. आणि कॅलिपर. तो परत घालायला सांगितला तेव्हा मी तीन महिने टाळलं. आईने पेढे वाटले होते हो. आताचा हलका आहे, प्लॅस्टिकचा, सलवारीखाली दिसत नाही, पहिल्या दिवशी घालून अंगणात आले तर भाऊ काही बोलला नाही, नुसता आत जाऊन माझी चप्पल बाजूला ठेवून बूट काढून आला. तो घातल्यापासून पडले नाहीये.

आता आम्ही पाचजण महिन्यातून एका रविवारी आमच्या शाळेच्या खालच्या वर्गात भेटतो. एक टेलर आहेत ४६ चे, साइडची चाकं लावलेल्या गाडीवरून येतात, दोन्ही पाय गेलेले म्हणून आयुष्यभर कुबड्यांवर, आता खांदे गेलेत. ते म्हणाले, ताई मला वाटत होतं मी आळशी झालो, बायको पण तेच म्हणायची. मी त्यांना ती चाळीस पानं तोंडी मराठीत सांगितली, दीड तास लागला, ते खाली मान घालून ऐकत होते, मग म्हणाले हे बायकोला सांगायला याल का. गेले मी. त्यांनी आता पायाच्या ऐवजी हाताने चालवायच्या मशीनला मोटर बसवलीय आणि कापड बेतायला पोरगा ठेवलाय. एवढ्यासाठी कुणी घरोघरी फिरायचं का? पेपर असतो ना त्यासाठी.

म्हणून मागणं असं की एखाद्या पीएमआरच्या डॉक्टरांकडून मराठीत लेख लिहून घ्या, सोप्या शब्दात, आणि दरवर्षी त्या पोलिओच्या पानामागे छापा, सोयाबीन दुसऱ्या पानावर जाऊ दे. आपल्या राज्याने २०२२ ला दिव्यांगांसाठी वेगळा विभाग काढला, त्या विभागाने एक कागद छापून जिल्ह्याच्या सिव्हिलमधे बोर्डाच्या दिवशी वाटला तरी खूप होईल, तिथे आमच्यासारखे आपोआप येतातच, शोधायला जावं लागत नाही. आणि बोर्डावरच्या डॉक्टरांनी एकच प्रश्न वाढवावा, गेल्या पाच-दहा वर्षांत नवीन काय कमी झालं.

तोपर्यंत ज्यांना पोलिओ झालेला आहे त्यांनी एवढं करावं. या आजाराला बरं करणारं औषध आज नाही, काही औषधांच्या चाचण्या झाल्या, पक्का फायदा दिसला नाही, तेव्हा नसांचा पट्टा, चुंबकाची गादी, हजारो रुपयांची टॉनिकं यात पैसे घालू नका. व्यायाम पूर्ण बंद नाही करायचा, पण दुसऱ्या दिवशीही दुखत असेल, गळून जात असाल तर आदल्या दिवशीचा जास्त झाला, मधे एक दिवस सोडून करा, जाणत्याला विचारून करा. जिद्दीने ग्राउंडवर चालायला जाऊ नका. सकाळी उठल्यावर डोकं जड, आडवं झाल्यावर दम, पाणी पिताना ठसका, यातलं काही असेल तर लवकर दाखवा, तिथे थांबू नका. थंडीत तो पाय बर्फासारखा होतो आणि काम करत नाही, मोजे घाला, लाजू नका.

आणि कुठलंही ऑपरेशन असो, दाताचं असो, डोळ्याचं असो, भूल देणाऱ्या डॉक्टरांना स्वतःच्या तोंडाने सांगा की मला लहानपणी पोलिओ झालाय. आमच्यातल्या काही जणांवर भुलीची, झोपेची आणि स्नायू ढिले करायची औषधं जास्त चढतात, उतरायला वेळ लागतो, नंतर श्वासावर लक्ष ठेवायला लागतं आणि अंग गरम ठेवायला लागतं. मी एका कार्डावर लिहून, लॅमिनेट करून पर्समधे ठेवलंय, आधार कार्डाच्या पुढे, म्हणजे मी बोलायच्या अवस्थेत नसले तरी सापडेल. वीस रुपये लागले.

पत्र मोठं झालंय हे मला माहितेय, तुम्ही कापणारच. बार्शी लाइट कापा, पेढे कापा, माझ्या सलवारीचं ठिगळ कापलं तर वहिनी तुमचे आभार मानेल. याच्या वरचे दोन परिच्छेद मात्र कापू नका, आणि जमलं तर जरा मोठ्या टायपात घ्या, आमच्यातल्या बऱ्याच जणांना आता चष्माही लागलाय.

आपली,
एक वाचक, बार्शी (जि. सोलापूर)